गॅसवरची गाडी

म्हाताऱ्या माणसाला आहार बदलावयास लावणे हे मोठे जोखमीचे काम आहे. ज्याने साठ वर्षे ज्वारीची भाकरी आणि झुणका खाल्ला, त्याच्या ताटात वैद्यांच्या सांगण्यावरून एके दिवशी मुगाचे कढण येऊन पडते. तो एकदा ताटाकडे पाहतो, एकदा वाढणाऱ्या सुनेकडे पाहतो, आणि एक अक्षरही न बोलता वाटी दूर सारतो. घरातली सारी मंडळी त्याच्या विनवण्या करू लागतात. कढण पोटाला हलके असते, ते लवकर पचते, हे त्यालाही कळत असते. पण जिभेला लागलेले वळण युक्तिवादाने मोडत नाही. यंत्रांनाही अशाच सवयी असतात, असे कोणी म्हटले तर ऐकणारे हसतील. मुंबईच्या जुन्या टॅक्सींची हकीकत ज्यांना ठाऊक आहे, ते मात्र हसणार नाहीत.

ती टॅक्सी आता भाड्याने फिरताना दिसत नाही. म्हणून तिचे रूप थोडे सांगितले पाहिजे. अंग काळे, टप पिवळा. पुढच्या काचेखाली डाव्या अंगाला, गाडीच्या बाहेरच, भाड्याचे मीटर बसविलेले. चालकाच्या शेजारी एक सलग लांब बैठक, आणि गिअरचा दांडा पायाशी न बसविता सुकाणूच्या खांबालाच जोडलेला. १९६४ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून ती ‘फियाट ११०० डिलाइट’ या परदेशी नावाने बाहेर पडू लागली. पुढे १९७४ साली तिचे बारसे पुन्हा झाले आणि चितोडच्या राणीच्या नावावरून ती ‘प्रीमियर पद्मिनी’ झाली. नाव राणीचे, पण काम दासीचे. लग्नाच्या वऱ्हाडापासून रुग्णालयात निघालेल्या रोग्यापर्यंत आणि भाजीच्या पाट्यांपासून शाळेतल्या मुलांपर्यंत सर्वांना तिने वाहिले. मुंबईकरांनी मात्र नव्या बारशाला फारशी दाद दिली नाही. त्यांच्या तोंडी ती अखेरपर्यंत ‘फियाट’च राहिली.

या गाडीचे इंजिन आकाराने लहान, लिटरभराहून किंचित मोठे. पण स्वभावाने मोठे सोशीक. दिवसपाळीचा एक चालक आणि रात्रपाळीचा दुसरा, असे दोन धनी सांभाळीत ते वर्षानुवर्षे पेट्रोलवर चालत राहिले. मात्र वय झाले की इंजिनाच्या नळकांड्यांची झीज होते, तेल वर चढते, पेट्रोल पुरते जळत नाही आणि मागच्या नळीतून धूर येऊ लागतो. एका गाडीचा धूर वाऱ्यावर विरून जातो. हजारो गाड्यांचा विरत नाही. दादर, सायन, माहीम येथल्या चौकांत उभ्या असलेल्या माणसाला संध्याकाळी नाकाला लावलेला रुमाल काळवंडलेला दिसे. ज्यांना दम्याचा विकार, त्यांची अवस्था तर सांगावयासच नको. अखेर १९९९ साली धुराने त्रासलेल्या नागरिकांचे गाऱ्हाणे मुंबई उच्च न्यायालयापुढे आले. न्यायालयाने त्यात लक्ष घातले आणि पुढील काही वर्षांत जुन्या टॅक्सींना हुकूम झाला : स्वच्छ इंधनावर चाला, नाही तर रस्ता सोडा.

आता नागरिकांचे म्हणणे खरे होते, यात शंका नाही. श्वास घेण्याचा अधिकार हा सर्व अधिकारांच्या आधीचा. पण त्याच रस्त्यावर दुसरेही एक खरे उभे होते. ज्याची स्वतःची अशी एकच गाडी, तीही वीस वर्षांची. तिच्याच चाकांवर ज्याच्या मुलांच्या शाळेची फी, गावाकडच्या घराचे छप्पर आणि बहिणीचे लग्न फिरत होते, त्याने काय करावे? गाडी भंगारात घातली तर हाती येणार लोखंडाचे मोल. नवी घ्यावी तर कर्जाचा डोंगर. उरला तिसरा मार्ग. टॅक्सीवाल्यांच्या भाषेत त्याला म्हणत ‘गाडी गॅसवर करणे’. त्यालाही हजारो रुपये लागत; परंतु गाडी हातची जात नसे.

मग एखाद्या गॅरेजात असा संवाद घडे. चालक वयाने वडील, मिस्त्री तरुण. चालक बॉनेटवर हात ठेवून, रोग्याच्या उशाशी उभ्या राहिलेल्या माणसाच्या स्वरात विचारी :

“इंजिन खोलणार का रे?”

“नाही काका. इंजिनाला हात लावणार नाही. तिचं फक्त खाणं बदलायचं.”

“आणि नाही मानवलं तर?”

“तर पेट्रोल आहेच की. बटण फिरवलं की पुन्हा पेट्रोल.”

काकांचा चेहरा या उत्तराने जरा सैल होई. जुने अन्न कायमचे तुटणार नाही, हा भरवसा म्हाताऱ्यांना फार मोलाचा वाटतो.

मिस्त्री म्हणत होता ते अक्षरशः खरे होते. पेट्रोलच्या इंजिनाला हवे असते ते एवढेच, की जळणारी एखादी वस्तू हवेत नीट मिसळून नळकांड्यात यावी आणि तेथे ठिणगी पडावी. पेट्रोल हे द्रव असल्यामुळे त्याचे आधी बारीक तुषार करावे लागतात. ते काम कार्ब्युरेटर नावाचा भाग करतो. नैसर्गिक वायू तर मुळातच वायू. त्याचा बहुतांश भाग मिथेन असतो. तुषार करण्याची कटकटच नाही. अडचण निराळीच असते. वायू फार जागा खातो. म्हणून त्याला जाड पोलादाच्या टाकीत दडपून भरतात. बाहेरच्या हवेचा जो दाब आपल्या अंगावर असतो, त्याच्या सुमारे दोनशेपट दाब त्या टाकीत असतो. मोटारीच्या चाकातील हवेशी तुलना केली तर सुमारे शंभरपट! या दाबलेल्या नैसर्गिक वायूलाच ‘सीएनजी’ म्हणतात.

एवढ्या दाबाचा वायू सरळ इंजिनात सोडला तर अनर्थच व्हावयाचा. म्हणून बॉनेटखाली एक रेग्युलेटर बसवितात. तो टप्प्याटप्प्याने वायूचा दाब उतरवितो. येथे एक मोठी मौज घडते. दाब एकदम कमी झाला की वायू थंडगार पडतो. इतका, की रेग्युलेटर गोठून बसावा. त्याला ऊब द्यावयाची कशी? तर इंजिनाला थंड ठेवण्यासाठी जे पाणी त्याच्याभोवती खेळत असते आणि त्यामुळे स्वतः तापलेले असते, तेच पाणी एका नळीने रेग्युलेटरकडे नेतात. इंजिनाला नकोशी झालेली उष्णता वायूला हवीशी असते. दोन शेजारणींनी विरजण आणि मीठ यांची देवघेव करावी, तसा हा व्यवहार. तेथून वायू मिक्सर नावाच्या कड्यातून हवेत मिसळतो आणि इंजिनात जातो. चालकाच्या समोर एक लहानसे बटण येते : एकीकडे पेट्रोल, दुसरीकडे गॅस. सकाळी इंजिन गार असताना ते पेट्रोलवर सुरू करावयाचे, थोडे तापले की पेट्रोल बंद करून कार्ब्युरेटरात उरलेले थेंब जळून जाऊ द्यावयाचे, आणि इंजिन आचके देऊ लागले की बटण गॅसवर फिरवावयाचे. हा क्षण साधणे ही एक कला होती. नवशिक्याची गाडी भर चौकात बंद पडे आणि मागच्या मोटारींचे भोंगे त्याला शिकवणी देत.

नव्या आहाराने म्हातारीला काही बाबतींत खरोखरच बरे वाटले. ठिणगी पाडणारे प्लग काजळीने काळे होत ते स्वच्छ राहू लागले. पेट्रोलचे न जळलेले थेंब वंगणात उतरून ते पातळ करीत, तेही थांबले. मागच्या नळीतला काळसर धूर गेला. पण अन्न बदलले की काही तरी गमवावेही लागते. वायू हवेबरोबर नळकांड्यात शिरतो तेव्हा हवेची जागा अडवितो. हवा कमी, म्हणून जोरही कमी. सपाट रस्त्यावर हे जाणवत नसे. पण चार माणसे आणि सामान घेऊन उड्डाणपूल चढताना दम लागे. कोरड्या वायूच्या ज्वलनाने झडपांच्या बैठका लवकर झिजत, म्हणून त्यांकडे वरचेवर लक्ष द्यावे लागे. आणि सर्वांत मोठा त्याग होता डिकीचा. ती पोलादी टाकी एखाद्या धिप्पाड माणसाइतकी जड. ती डिकीत आडवी निजली की तेथे दुसरे काही मावत नसे. एवढी जागा घेऊन ती देई किती? तेवढ्याच जागेतले पेट्रोल जितके अंतर नेईल, त्याच्या सुमारे चौथा हिस्सा! वऱ्हाडाच्या ट्रंका, कोकणातून आलेल्या आंब्यांच्या पेट्या, परदेशी निघालेल्यांच्या बॅगा या सर्वांना मग टपावरच्या लोखंडी कॅरिअरचा आश्रय घ्यावा लागला. पावसाळ्यात त्यांवर प्लास्टिकचा कागद आला, आणि तो बांधण्याची दोरी चालकाच्या बैठकीखाली कायमची राहावयास आली.

आता या कथेतील खरी गंमत पाहा. ज्याला सर्व जण नवे अन्न म्हणत होते, ते या इंजिनाच्या घराण्याचे सर्वांत जुने अन्न होते! पॅरिसमध्ये एत्येन लेन्वार याने १८६० साली जे इंजिन चालविले, ते दगडी कोळशापासून काढलेल्या गॅसवर. जर्मनीत निकोलाउस ओटो याने १८७६ साली चार फेऱ्यांचे इंजिन सिद्ध केले. आजच्या पेट्रोल मोटारींचा तो खापरपणजोबा. तोही गॅसच खात असे. त्या काळी हाच गॅस रस्त्यांवरच्या दिव्यांत जळे. मुंबईतही १८६५ साली गॅसचे दिवे लागले होते. पण नळाला बांधलेले इंजिन प्रवासाला कसे निघणार? गाय दावणीला असली म्हणजे दूध मिळते. प्रवासात दूध हवे तर चरवी बरोबर घ्यावी लागते. पेट्रोल अशा चरवीत मावणारे होते. १८८८ साली बेर्टा बेन्झ ही धाडसी बाई आपल्या पतीने बनविलेली मोटार घेऊन, दोन मुलांसह मानहाइमहून फोर्झहाइमला निघाली, तेव्हा वाटेत तिने इंधन घेतले ते वीस्लोख गावातल्या औषधांच्या दुकानातून. डाग काढण्यासाठी विकत असलेले पेट्रोलसारखे एक द्रव तेथे बाटल्यांतून मिळे. ज्या इंधनाची बाटली काखेत मारून कोठेही जाता येते, त्याने सारे जग जिंकले, यात नवल नाही.

पण पेट्रोलची टंचाई झाली की माणसाला गॅसची आठवण होई. पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील काही मोटारींच्या टपांवर गॅसने फुगविलेल्या प्रचंड पिशव्या डुलत असत. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मापून मिळू लागले, तेव्हा हिंदुस्थानातील मोटारगाड्यांच्या मागे लोणारी कोळशाच्या भट्ट्या आल्या. गाडी निघण्याच्या कितीतरी आधी भट्टी पेटवावी लागे आणि तिच्यातून निघणाऱ्या अशक्त वायूवर इंजिन कुरकुरत चाले. तेव्हाची ती पिशवी, ती भट्टी, आणि आजची ही पोलादी टाकी यांत एकच धडपड आहे : दावणीची गाय बरोबर कशी न्यावी? टाकी त्या धडपडीतील सर्वांत घट्ट गाठ.

आणि ही गाय आहे तरी कोठे? मुंबईपासून सुमारे १६० किलोमीटर दूर, भर समुद्रात. १९७४ साली ‘सागर सम्राट’ने तेथे समुद्रतळ खोदून तेल शोधले, ते क्षेत्र ‘बॉम्बे हाय’ म्हणून ओळखले जाऊ लागले. तेलाबरोबर वायूही वर येई आणि आरंभीच्या काळात त्यातला बराचसा तेथेच जाळून टाकावा लागे. पुढे तो समुद्राखालच्या नळांनी उरणला आला, आणि १९९५ साली स्थापन झालेल्या महानगर गॅस कंपनीने शहरात घातलेल्या नळांतून तो पंपांपर्यंत पोहोचला. आज त्यात परदेशांतून आलेला वायूही मिसळतो. ज्या समुद्रावर मुंबईकर हवा खाण्यास जातात, त्याच समुद्राच्या पोटातून आलेल्या वायूवर त्यांना घरी पोहोचविणारी टॅक्सी चालावी, हा योग काही वाईट नव्हता.

मात्र या वायूसाठी तिष्ठत राहावे लागे. प्रारंभी पंप थोडे आणि गाड्या फार. भल्या पहाटे पिवळ्या टपांची रांग पंपापासून निघून कोपरा ओलांडून दिसेनाशी होई. त्या रांगेत चालक दात घासत, वर्तमानपत्र वाचत, झोपत, गावाकडची पत्रे उघडत. भाडे नाही, मीटर बंद. वेळ मात्र पोटाचाच खर्च होत होता. पेट्रोलपेक्षा गॅस स्वस्त पडे हे खरे, पण रांगेत गेलेल्या तासांचा हिशेब त्यातून वजा करावयास हवा. तो हिशेब कोणी पावतीवर छापीत नाही. नंबर लागला की उतारूंना खाली उतरावे लागे. घाईत असलेला उतारू कुरकुरे. पण नियम तो नियम. टाकीत दोनशेपट दाब असताना कोणाचीही घाई कामाची नसते.

या बाबतीत निष्काळजीपणा करणारेही होते. त्यांचे कौतुक करण्याचे कारण नाही. काही मोटारमालक स्वयंपाकघरातला सिलिंडर चोरून मोटारीत बसवीत. त्यातला वायू निराळा : प्रोपेन आणि ब्युटेन यांचे मिश्रण. तो थोड्याशा दाबाने द्रव होतो, म्हणून त्याची टाकी हलकी असते. मोटारींसाठी त्याच वायूची वेगळी, नियमाप्रमाणे बनविलेली टाकी मिळते आणि तिच्यावर अनेक गाड्या व रिक्षा बिनधोक चालतात. पण चुलीसाठी केलेली वस्तू धावत्या, हादरणाऱ्या गाडीत बसविणे म्हणजे देवघरातली समई घेऊन गवताच्या गंजीत शिरणे होय. हा वायू हवेहून जड असतो. गळला तर खाली साचून राहतो आणि एखाद्या ठिणगीची वाट पाहतो. मिथेन हवेहून हलका असल्यामुळे उघड्यावर वर निघून जातो. दोघांनाही स्वतःचा वास नाही. म्हणून त्यांत मुद्दाम उग्र वासाचे द्रव्य मिसळतात. कोणाला तो वास असह्य वाटतो. परंतु तो पहारेकऱ्याच्या आरोळीसारखा आहे. टॅक्सीवाल्यांना तर डिकीतल्या टाकीची दर तीन वर्षांनी पाण्याच्या दाबाने तपासणी करून घ्यावी लागे. तपासणीचा दिवस म्हणजे बिनकमाईचा दिवस. तरीही ती चुकविणाऱ्याला शहाणा म्हणता येणार नाही.

नैसर्गिक वायू अगदी निष्पाप आहे, असेही समजू नये. तो जळला की त्याचाही कार्बन डायऑक्साइड होतो, आणि न जळता हवेत निसटला तर तो पृथ्वीची उष्णता अडवून धरण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी जबर आहे. काजळीच्या मानाने पाहिले तर पेट्रोलच्या जुनाट इंजिनापेक्षा तो पुष्कळच बरा, इतके खात्रीने म्हणता येईल. आणि चौकात उभ्या असलेल्या मुलाला त्या घटकेला तेवढेही पुष्कळ असते.

असा आहार बदलून त्या जुन्या गाड्यांनी आणखी कित्येक वर्षे काढली. कुर्ल्याच्या कारखान्यातून नव्या पद्मिनी बाहेर पडणे एकविसाव्या शतकाच्या उंबरठ्यावरच थांबले होते. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंद ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी झाली. मुंबईत टॅक्सीचे आयुष्य वीस वर्षांचे ठरलेले असल्याने २०२३ च्या ऑक्टोबरअखेर तिचीही मुदत संपली. त्या दिवसांत लोक तिच्याजवळ उभे राहून छायाचित्रे काढून घेत होते. इतकी वर्षे जिच्याकडे कोणी भाडे विचारण्यापलीकडे पाहिले नव्हते, तिच्या बॉनेटवर अनोळखी माणसे हात फिरवीत होती.

आता तिच्या जागी दुसऱ्या टॅक्सी आल्या आहेत. त्या अंगाने आटोपशीर, आवाजाने मऊ, आणि त्यांतल्या पुष्कळ कारखान्यातूनच गॅसवर चालणाऱ्या म्हणून आलेल्या. दादर स्टेशनाबाहेर एखादा पाहुणा आपली जड बॅग घेऊन त्यांतल्या एकीच्या मागे जाऊन उभा राहतो आणि डिकी उघडण्याची वाट पाहतो. चालक हसतो, बॅग उचलतो, आणि बैठकीखालून दोरी काढून ती टपावरच्या कॅरिअरवर बांधू लागतो.